निवेदन दिले, पुढे काय?

सेनगाव तालुक्यातील ताकतोडा या गावाने २०१९ च्या पावसाळ्यात स्वतःलाच विक्रीला काढले. पीककर्ज मिळेना, विम्याचे पैसे येईनात, तेव्हा सरकारने अख्खे गावच विकत घ्यावे, अशी मागणी ग्रामस्थांनी केली. जून २०२२ मध्ये याच गावच्या एका तरुण शेतकऱ्याने हेलिकॉप्टर घेऊन ते भाड्याने देण्यासाठी बँकेकडे साडेसहा कोटींहून अधिक कर्ज मागितले. शेतीत भागत नाही, निदान हा धंदा तरी करू द्या, असे त्याचे म्हणणे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तालुक्यातल्याच गोरेगाव भागातील शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकायला काढले आणि मुख्यमंत्र्यांना पाठवलेल्या पत्रात दरपत्रकच दिले: किडनी ७५ हजार, लिव्हर ९० हजार, डोळे २५ हजार.

हिंगोलीच्या माणसाला गाऱ्हाणे मांडता येत नाही, असे यानंतर कोणी म्हणू नये. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाचच तालुके. मुंबई लांब, नागपूरही जवळ नाही. म्हणून लक्ष वेधून घ्यायच्या युक्त्या इथल्या लोकांनी स्वतःच शोधल्या. गाडे अडते ते त्यानंतर. बातमी छापून येते, अधिकारी भेटून जातात, आश्वासन मिळते. मग बैठकीत कोणी तरी विचारतो, कोणत्या शाखेत किती अर्ज पडून आहेत? किती नाकारले? कारण लेखी दिले का? आंदोलकांच्या हाती त्याचे उत्तर बहुधा नसते.

ते उत्तर आधीपासून तयार ठेवणे, ते योग्य टेबलापर्यंत नेणे आणि निर्णय लागेपर्यंत पाठ न सोडणे, हे स्वयंसेवी संस्थेचे, महिला बचत गटांच्या ग्रामसंघाचे किंवा गावातल्या युवक मंडळाचे काम आहे. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालणाऱ्या संस्थेलाही ते जमते, फक्त क्रम चुकता कामा नये.

संस्थेला हे करता येते का?

विश्वस्तांच्या बैठकीत पहिली शंका हीच निघते. आपली संस्था धर्मादाय. आपण वह्या वाटाव्यात, आरोग्य शिबिर घ्यावे, सरकारला प्रश्न विचारले तर नोंदणी जाईल, अशी भीती अनेकांच्या मनात असते. कायद्यात तिला आधार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा संस्थेचे उद्देश, मालमत्ता आणि हिशेब पाहतो. संस्थेच्या घटनेत ग्रामविकास, महिलांचे हक्क, आरोग्य किंवा पाणी हे उद्देश लिहिलेले असतील, तर त्या विषयांवर पाहणी करणे, निवेदन देणे, धोरण बदला म्हणून सांगणे हे त्या उद्देशातच बसते. म्हणून सुरुवात संस्थेची घटना पुन्हा एकदा काढून वाचण्यापासून करावी. उद्देश मोघम असतील तर ठराव करून रीतसर दुरुस्ती करून घ्यावी.

पथ्य एकच आणि ते कडक पाळायचे: पक्षाचे राजकारण नको. उमेदवाराचा प्रचार नको, संस्थेची गाडी सभेला नको, पक्षाच्या बॅनरवर संस्थेचे नाव नको.

परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना २०१० चा विदेशी अंशदान (विनियमन) कायदा लागू होतो. राजकीय स्वरूपाच्या संघटनांना असा पैसा घेता येत नाही. बंद, रास्ता रोको अशा मार्गांचा अवलंब करणारी संघटनाही ‘राजकीय’ ठरू शकेल, असे २०११ च्या नियमांत होते. त्यावर इन्साफ या संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० रोजी खुलासा केला. सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षीय उद्दिष्टाशी संबंध नसलेली संघटना लोकांच्या हक्कांसाठी अशा मार्गांना पाठिंबा देते, एवढ्यावरून तिला राजकीय ठरवता येणार नाही. त्याच वर्षी कायदाही बदलला. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला तो निधी देणे बंद झाले. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेमार्फत गावातल्या छोट्या संस्थेकडे पैसा येण्याची वाट त्यामुळे मिटली. पाठपुराव्याचा खर्च स्थानिक वर्गणीतून भागेल इतकाच ठेवणे आता शहाणपणाचे. तो तसा फार नसतोही: झेरॉक्स, टपाल, एसटीचे तिकीट आणि एका माणसाचा वेळ.

आणखी एक. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याचा स्वतःचा हिशेब चोख हवा. लेखापरीक्षण वेळेवर, विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, सभेचे इतिवृत्त सहीनिशी. अडचणीत आलेली यंत्रणा पहिले बोट इथेच ठेवते.

एका घराचा प्रश्न, पाचशे घरांची पाहणी

समजा, कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे. मागे पत्नी आणि दोन मुले. २००६ च्या शासन निर्णयानुसार पात्र कुटुंबाला १ लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार हातात, ७० हजार ठेवीच्या रूपात. पात्र ठरायचे तर कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते, ते थकलेले असावे लागते आणि वसुलीचा तगादा असावा लागतो. बिनपरवाना सावकाराने दिलेले पैसे, दुकानदाराची बियाणे-खताची उधारी, सोयरिकीतली उसनवारी या चौकटीत बसत नाही.

पण त्या बाईचे खरे हाल पुढे सुरू होतात. सातबाऱ्यावर सासऱ्याचे नाव. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र. मग गाव नमुना ६-क मध्ये वारसाची नोंद, त्यावरून फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, आणि मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर केल्यावर सातबारा बदलतो. दिराने हरकत घेतली की प्रकरण अडकते. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही, पीककर्ज नाही म्हणून पुन्हा सावकार. रेशनकार्ड सासूच्या नावावर. निराधार अनुदानाच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला, आणि दाखल्यासाठी पुन्हा तलाठी.

इथे संस्थेपुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे त्या बाईसोबत तहसीलला जाऊन तिचे काम करून देणे. ते करायलाच हवे. दुसरा, तालुक्यात अशा किती जणी आहेत आणि प्रत्येकीचे काम नेमके कोणत्या पायरीवर अडले आहे, हे मोजणे. पहिल्या रस्त्याने एक घर सावरते, दुसऱ्याने नियम बदलतो.

महिला किसान अधिकार मंच, म्हणजे ‘मकाम’, या मंचाने दुसरा रस्ता चालून दाखवला. वेगवेगळ्या संस्था-संघटनांना सोबत घेऊन विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या ५०५ महिलांची पाहणी केली. नवऱ्याच्या मागे जी जमीन त्या कसत होत्या, तिच्यावर सुमारे ४० टक्के जणींचे नाव अजून लागलेले नव्हते. राहत्या घरावर हक्क मिळालेल्या साधारण ३५ टक्केच. नोव्हेंबर २०१८ मध्ये या महिला मुंबईत आझाद मैदानावर आल्या आणि त्यांनी स्वतःच्या तोंडाने हे मांडले. जून २०१९ मध्ये राज्य सरकारने या कुटुंबांना विविध योजनांत प्राधान्य देण्याबाबत शासन निर्णय काढला. मैदानात बसलेल्या बायकांच्या पाठीशी पाहणीचे आकडे होते. आकडे मांडायला त्या बायका स्वतः होत्या. दोन्हींपैकी एक गोष्ट कमी असती, तर मंत्रालयात दखल घेतली गेली असती का, याचा विचार प्रत्येक संस्थेने करावा.

मोजणी कशी करावी

पाहणी म्हटले की संस्थांना विद्यापीठ, सल्लागार, मोठा निधी आठवतो. गावपातळीवरच्या पाठपुराव्याला एका पानाची प्रश्नावली पुरते. प्रश्न दहा-बाराच, उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा तारखेत देता येईल असे. अर्ज केला का? कधी? पोच आहे का? काय उत्तर मिळाले, तोंडी की लेखी? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते, कारण लोकांना नकार बहुतेक वेळा तोंडीच मिळतो आणि तोंडी नकाराविरुद्ध अपील करता येत नाही.

आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख हा महाराष्ट्रातला प्रयोग त्यासाठी पाहण्याजोगा आहे. २००७ पासून, सुरुवातीला पाच जिल्ह्यांत, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली तो सुरू झाला. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे राज्याचे समन्वयन होते. गावकऱ्यांनी आपल्या उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला प्रगतिपुस्तक द्यायचे. सेवा चांगली असेल तर हिरवा रंग, बरी असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. ते तक्ते लावून जनसुनवाई घ्यायची आणि अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर उत्तर द्यायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही लाल रंग कळतो, ही यातली गोम. पंचायत समितीच्या सभागृहात शंभर माणसांसमोर ‘औषध संपले आहे’ हे सांगणे आणि खिडकीतून एकट्या रुग्णाला सांगणे यांत मोठा फरक पडतो.

हिशेब नीट केला तर काय होते, याचे जुने उदाहरण डॉ. अभय आणि राणी बंग यांचे. ऐंशीच्या दशकात रोजगार हमीच्या कामावर ४ रुपये रोज मिळत असे. ती मजुरी ठरवताना मजुराला लागणारे उष्मांक आणि कुटुंबाचा खर्च यांचा हिशेब कसा चुकला आहे, हे त्यांनी अभ्यास करून मांडले. पुढे मजुरी १२ रुपये झाली. मोर्चाने मजुरी वाढवा म्हटले असते तर ‘किती?’ या प्रश्नावर बोलणी अडली असती. इथे आकडाच हातात होता.

आकडे गोळा करताना माणसांची आब राखावी. पाहणीच्या कागदावरचे नाव आणि फोन नंबर संस्थेच्या कपाटाबाहेर जाता कामा नये. अहवालात फक्त गाव आणि संख्या. फोटो काढायचा तर आधी विचारून, आणि तो कुठे छापला जाईल हे सांगून. अत्याचारग्रस्त महिला, बालविवाहातली मुलगी, एचआयव्हीबाधित व्यक्ती यांची ओळख उघड होईल असे काहीही नको. तिथे प्रसिद्धी मिळते ती संस्थेला. भोगावे लागते तिला.

निवेदनाचे एक पान

हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात येणाऱ्या निवेदनांचा साचा ओळखीचा असतो. वर आठ-दहा मागण्या, खाली ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’, शेवटी निवेदन देतानाचा फोटो. त्या दहा मागण्यांतल्या दोन तहसीलच्या, तीन जिल्हा परिषदेच्या, एक दिल्लीची. टपाल शाखा तो कागद ज्या एका विभागाकडे पाठवते, तो बाकीच्या मागण्या ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ म्हणून बाजूला ठेवतो.

उपयोगी पडणारे निवेदन असे असते. एका निवेदनात एकच विषय. पहिल्या परिच्छेदात काय घडले, कुठे, किती लोकांच्या बाबतीत. दुसऱ्यात कोणत्या कायद्याने, शासन निर्णयाने किंवा परिपत्रकाने काय व्हायला हवे होते. त्याचा दिनांक आणि क्रमांक. तिसऱ्यात नेमकी मागणी, म्हणजे त्या अधिकाऱ्याच्या अधिकारात असलेली आणि तारीख घालून देता येईल अशी. सोबत यादी आणि पुरावे, पानांवर क्रमांक टाकून. आवक शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच जपून ठेवावी, कारण पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो.

पंधरा दिवसांनी कोणत्या कार्यासनाकडे कागद गेला, हे विचारावे. महिन्याने स्मरणपत्र. तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज: ‘आवक क्रमांक अमुकच्या निवेदनावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी.’ शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा. उत्तराची मुदत ३० दिवस, नंतर ३० दिवसांच्या आत पहिले अपील, आणि तेही फसले तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. मराठवाड्यासाठी आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. या कायद्यामागे राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी चालवलेल्या आंदोलनाचाही वाटा आहे. केंद्राच्या आधी महाराष्ट्रात तो आला होता, हे इथल्या कार्यकर्त्यांनी विसरू नये.

दाखले, नोंदी, प्रमाणपत्रे अशा ठरलेल्या सेवांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अधिक धारदार आहे. सेवेची मुदत अधिसूचित असते, ती टळली की अपील करता येते, आणि कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तिथे वैयक्तिक तक्रारच चालते, सामूहिक निवेदन घेतले जात नाही. चाळीस जणींची वारसनोंद अडली असेल, तर चाळीस वेगळे अर्ज भरून द्यावेत. एकाच दिवशी एकाच विषयाचे चाळीस अर्ज टेबलावर आले की विषय आपोआप सामूहिक होतो.

कोणाचे दार ठोठावायचे

कार्यकर्त्यांचा निम्मा वेळ चुकीच्या कार्यालयात जातो. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत. अंगणवाडी जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे, रेशन तहसीलच्या पुरवठा शाखेकडे. पीककर्जाचा प्रश्न बँकेच्या व्यवस्थापकाशी भांडून सुटत नसेल, तर अग्रणी बँकेचे जिल्हा व्यवस्थापक आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची बँकांची जिल्हास्तरीय समिती हे पुढचे दार. कर्जमाफी मात्र जिल्ह्यात मागून उपयोग नाही. तो निर्णय मंत्रिमंडळाचा.

कयाधू नदीकडे पाहिले की हा गुंता एकदम कळतो. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम पावणारी ही नदी सेनगाव, हिंगोली, कळमनुरी तालुक्यांतून वाहत जाऊन पैनगंगेला मिळते. कळमनुरी तालुक्यातील उमरा येथील ‘उगम’ ग्रामीण विकास संस्था आणि तिचे जयाजी पाईकराव यांनी या नदीच्या पुनरुज्जीवनाचा विषय अनेक वर्षे लावून धरला आहे. नदी एकच, पण पाणलोटातले बांध मृद व जलसंधारण विभागाचे, मोठे बंधारे जलसंपदा विभागाचे, काठची वनजमीन वन विभागाची, शहराचे सांडपाणी नगरपरिषदेचे, वाळू महसूलची आणि गावओढे ग्रामपंचायतीचे. यांतला कोणताही एक विभाग ‘नदी वाचवा’ या मागणीवर काहीच करू शकत नाही. म्हणून अशा विषयात संस्थेने मागण्यांची वाटणी करून प्रत्येक विभागाला स्वतंत्र पत्र द्यावे आणि सगळ्यांची एकत्र बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी बोलवावी, एवढी एकच मागणी त्यांच्याकडे ठेवावी.

ग्रामसभेचा ठराव

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत कमी वापरले जाणारे साधन गावातच आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्यात, नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा व्हावी, असे कायदा सांगतो. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांत जी संख्या कमी ती. संस्थेने ठरावाचा मसुदा आधी लिहून ठेवावा, महिला सभेत तो वाचून घ्यावा, ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर यावा म्हणून आगाऊ अर्ज द्यावा, आणि मंजूर झाला की इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत त्याच आठवड्यात मिळवावी. नाही तर ठराव वहीत राहतो.

एका ग्रामसभेच्या ठरावाची झेप किती असू शकते, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने दाखवले. मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात तिथल्या ग्रामसभेने नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यामागे करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे आणि प्रमोद झिंजाडे यांचे प्रयत्न होते. तो महिना संपायच्या आत ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करायला सांगितले. ठराव छोटा होता, स्पष्ट होता, आणि दुसऱ्या गावाला जसाच्या तसा उतरवून घेता येईल असा होता.

दारूबंदीसाठीही असाच रीतसर मार्ग आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीला, मत दिले, तर परवानाधारक दुकान बंद होते. झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक, हे लक्षात न घेतल्याने हातातोंडाशी आलेले मतदान फसू शकते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या बायका गावात नसतील तर ही संख्या भरणे अवघड. मतदानाची मागणी कधी करायची, हे त्यावरून ठरवावे.

आमदार, पत्रकार आणि मांडव

हिंगोली, कळमनुरी आणि वसमत हे जिल्ह्यातले तीन विधानसभा मतदारसंघ. आमदारांकडे निवेदन घेऊन जाण्यापेक्षा तयार प्रश्न घेऊन जावे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा ही त्यांची आयुधे, आणि त्यांच्या कार्यालयाला चार ओळींचा, आकडे आणि शासन निर्णयाच्या दिनांकासह लिहिलेला मसुदा हवाच असतो. तोच मसुदा विरोधी बाकांवरच्या आमदारालाही द्यावा. त्यामुळे संस्थेवर एका बाजूचा शिक्का बसत नाही.

पत्रकारांच्या बाबतीत घाई नडते. पाहणी पूर्ण व्हायच्या आधी बातमी दिली तर यंत्रणा सावध होते आणि कागद ‘दुरुस्त’ होतात. आधी निवेदन, मग वाट, मग माहिती अधिकाराचे उत्तर, आणि तरीही काही न हलल्यास सगळी कागदपत्रे हातात ठेवून पत्रकार परिषद, असा क्रम बरा. परिषदेत बोलायला भोगलेल्या दोन-तीन व्यक्ती असाव्यात, संस्थेच्या अध्यक्षांनी शेजारी बसावे.

उपोषण किंवा ठिय्या हे शेवटचे साधन. जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश लागू आहे का, हे पोलिसांकडे आधी विचारून लेखी सूचना द्यावी. मागणी एकच ठेवावी आणि ती कोणत्या लेखी उत्तरावर संपेल, हे बसण्याआधी आपापसांत ठरवून घ्यावे. तिसऱ्या दिवशी सरबत पाजण्यासाठी येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात तारीख आणि सही असलेला कागद आहे का, एवढेच पाहायचे. न्यायालयात जावे लागले तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही.

मिळाले ते टिकवायचे

शासन निर्णय निघाला की संस्था सत्कार घेतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. मराठवाड्याचा अनुभव वेगळे सांगतो. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने विभागाच्या अनुशेषाचा प्रश्न वर्षानुवर्षे लढवला. घटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. कोरोनाच्या टाळेबंदीतला तो दिवस; रस्त्यावर कोणी नव्हते.

म्हणून प्रत्येक निर्णयाला संस्थेने आपल्या वहीत चार रकाने करावेत: जिल्ह्यात तो पोहोचला का, तालुक्याला पत्र गेले का, बैठक झाली का, पहिल्या लाभार्थीला प्रत्यक्ष मिळाले का. कोरोनात नवरा गमावलेल्या महिलांसाठी हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने २०२१ मध्ये हाच आग्रह धरला. त्यातून तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुकास्तरीय ‘वात्सल्य’ समित्यांचा शासन निर्णय आला, आणि मग समितीची बैठक खरोखर होते का, हे तालुक्या-तालुक्यात विचारत राहण्याचे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घेतले.

हिंगोलीतल्या संस्थेने हे सगळे जिल्ह्याच्या वर्षात बसवायचे तर वेळापत्रक साधारण असे होईल. एप्रिल-मेमध्ये पीककर्जाच्या अर्जांची शाखावार मोजणी. जूनअखेरच्या सुमारास पावसाळी अधिवेशनासाठी आमदारांना प्रश्नांचे मसुदे. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत ठराव, कारण दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गावात म्हातारी माणसे तेवढी उरतात. नोव्हेंबरमध्ये पाहणीचा अहवाल, डिसेंबरमध्ये नागपूरचे हिवाळी अधिवेशन. जिल्हा नियोजन समितीचा आराखडा जानेवारीच्या आसपास ठरतो, त्याआधी पालकमंत्र्यांकडे एका पानाची मागणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमतच्या बाजारात हळद येऊ लागते, माणसांना उसंत नसते. तो काळ माहिती अधिकाराची उत्तरे वाचून, अपिलांच्या तारखा सांभाळून पुढच्या एप्रिलची प्रश्नावली तयार करण्याचा.